आधी बूट

पळसदेव फाट्यावर युनूसचं पंक्चरचं दुकान. समोरच्या वळणावर महिन्याला दोन-तीन गाड्या आपटायच्या आणि जमलेली माणसं जखमीला पोत्यासारखं उचलून टेम्पोत टाकायची. युनूसला ते बघवेना. एका शिबिरात डॉक्टरांनी मोडलेला पाय बांधायला शिकवलं, तेव्हापासून बांबूच्या लांब कामट्या आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दुकानाच्या दाराला टांगलेल्या असत. अकरा वर्षांत त्यानं चाळीसेक पाय बांधले. परत येऊन चौकशी कुणी केली नाही, तरी गडी खूश. अशी वेडी माणसं असतात.

गेल्या वर्षी गळीत हंगामात गावातलाच दीपक मोटारसायकलवरून पडला. नडगी मोडली होती. युनूसनं कामट्या लावल्या, पट्ट्या आवळल्या आणि बुटाला हात घातला.

"बूट नको काढू, युनूसभाई! लग्नातलं हायत. हितं काढलं की गेलंच."

"बोटं बघाय लागत्यात, दीपक."

"पाया पडतो, ऱ्हाऊ दे!"

डॉक्टरांनी बजावलं होतं, बांधल्यावर बोटं बघायची; गार, निळी दिसली की पट्टी सैल करायची. पण युनूसचं मन विरघळलं. बूट राहिला, बोटं झाकलेलीच राहिली. पुढं उसाची ट्रॉली उलटलेली, त्यात दीपकला नेणारी जीप अडकली. सकाळी पडलेला दीपक बारामतीला पोचला तो दिवस मावळताना. पाय सुजत गेला आणि रबर तसंच करकचून बसलं. दवाखान्यात बूट कापला तेव्हा पाऊल काळं पडलं होतं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

कुबड्या घेऊन तो थेट दुकानात आला.

"मी येडा हुतो, युनूसभाई. तू तर शिकलेला हुतास. माझं ऐकलंस कशाला?"

दीपक मग रोजच येऊन बाकड्यावर बसायला लागला. युनूस त्याला चहा सांगायचा.

परवा भरदुपारी, दीपक बाकड्यावर असताना, वळणावर एक परगावचा माणूस पडला, बेशुद्ध, पाय मोडलेला. युनूस धावला. ट्यूब त्यानं कधीच फेकून दिली होती. कापडाच्या पट्ट्या घेतल्या. आणि आधी बूट काढले.

मागच्या गाडीतली माणसं उतरलीच ओरडत. "माणूस मरतंय, आन् हा बूट चोरतोय!"

पहिली लाथ बरगडीत बसली, दुसरी तोंडावर.

"दीपक! सांग की ह्यास्नी! तुला ठावं हाय!"

हात थांबले. सगळे बाकड्याकडं वळले. "काय रं, वळखतोस ह्याला?"

दीपकनं युनूसकडं नीट पाहिलं.

"न्हाय बा," तो म्हणाला आणि युनूसनंच सांगितलेला चहा प्यायला लागला.

पुन्हा लाथा सुरू झाल्या. चौघांनी जखमीला हातापायाला धरून उचललं. टेम्पोत टाकण्याआधी एकानं आठवणीनं दोन्ही बूट त्याच्या पायांत परत कोंबले.