बांधावरची किडकी वांगी

हे मी नवऱ्यापुढेसुद्धा कधी बोललेले नाही. आणि आता सांगते आहे म्हणून हळहळू नका – मला ते आवडत नाही.

राजुरीला आमची वांगी होती. माझी वैशू तेव्हा पाळण्यात. वांग्याला अळी लागते, ठाऊक असेल तुम्हाला. आधी शेंडे माना टाकतात, मग अळी फळात शिरते. वरून वांगं तुकतुकीत, कापलं की आत नुसती घाण. म्हणून सुकलेले शेंडे आणि किडकी फळं वेचून ओढ्यापलीकडे खड्ड्यात पुरायची. वेचायचं काम शोभाचं, माझ्या धाकट्या जावेचं. पुरायचं माझं.

ओढ्यापलीकडे रोज कोण जाणार? मी टोपल्या बांधावरच्या करंजाखाली ओतत गेले. वर पाचट टाकलं. त्या ढिगातल्या अळ्यांची पाखरं झाली आणि परत आमच्याच वांग्यांवर बसली. पुढच्या तोड्यांना पाट्याच्या पाट्या किडक्या.

सासूबाईंनी कारण शोधलं. शोभा पाळीत असताना प्लॉटात शिरली होती, कुणीतरी पाहिलं होतं. "हिच्या विटाळानं गेलं सगळं," एवढंच म्हणाल्या. शोभाला भाजीच्या रानात बंदी झाली.

आणि मी? भाकरी थापत होते, थापत राहिले. घाबरले होते असं म्हणू? खोटं होईल – मला बरं वाटलं होतं. घरात ऊठसूट शोभाच्या हाताचं कौतुक चालायचं, ते एकदाचं थांबलं. विटाळावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. मी स्वतः कितीदा तशीच शिरले होते त्या वांग्यांत.

सासूबाई गेल्या, बंदी सुटली. तरी शोभा भाजीत पाऊल टाकीना. मला वाटायचं, रागानं.

मग वैशू दहावीला असताना – तिचीही पाळी चालू होती – टोमॅटो तोडायला आत निघाली. बांधावरून शोभानं तिचा हात धरला. "नको जाऊ, बाय. माझ्यापायी एकदा सगळी वांगी किडली व्हती."

रागानं नव्हे. तिला ते खरं वाटत होतं. इतकी वर्षं.

मी दहा पावलांवर पाणी धरत होते. वैशूनं माझ्याकडे पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि काकीशेजारी जाऊन बसली, त्याच करंजाखाली. मी सरीचं मातीचं दार फोडून पाणी पुढच्या सरीला लावलं.