तिसरी पट्टी आणि डावा कोपरा

“बस! खाली बस म्हणतो ना! ए नाईक, बस!”

सुभेदार मेजर साहेब ओरडत होते आणि मी उभाच होतो. त्यांचा आवाज म्हणजे काय सांगू, दहिसरच्या नाक्यावरचे ट्रक आपोआप थांबले असतील. आमच्या डेपोच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट मढला जाऊन उतरली, आणि तिथल्या कोळणी पुढे आठवडाभर एकमेकींना विचारत होत्या, ही पाखरं एवढी घाबरलेली का म्हणून. अख्खं युनिट सतरंजीवर मांडी घालून बसलेलं, समोर खुर्चीत नवे मोठे साहेब, म्हणजे आमचे कमांडिंग ऑफिसर, आणि सगळ्यांच्या मधोमध मी एकटा उभा, देवळासमोरच्या दीपमाळेसारखा.

त्याचं असं. फौजेत महिन्यातून एकदा दरबार भरतो. मोठे साहेब चार शब्द बोलतात आणि शेवटी विचारतात, “कोई पॉइंट?” म्हणजे कोणाची काही तक्रार आहे का? नियम असा की साधा शिपाईसुद्धा उठून थेट साहेबांना सांगू शकतो. नियम झकास आहे. पण आमचे सुभेदार मेजर साहेब आदल्या दिवशी ह्या दरबाराची रंगीत तालीम घेत. “तू नळाचं विचार. तू कँटीनच्या साबणाचं. बाकीच्यांची तोंडं बंद.” नाटक कंपनीत एवढी शिस्त नसेल. त्या महिन्यात माझ्या वाट्याला मच्छरदाणी आली होती. मी उठून म्हणायचं, “साहेब, मच्छर फार झालेत.” साहेबांनी म्हणायचं, “नव्या मच्छरदाण्या मिळतील.” मग सगळ्यांनी चहाला जायचं.

मी उठलो. म्हणालो, “साहेब, मच्छर फार झालेत. पण मच्छर चावला तर खाजवता तरी येतं. हवालदारकीची यादी मला दरवर्षी चावते, तिथे हात पोचत नाही.”

तिथून ती आरडाओरड सुरू झाली होती.

माझ्या दंडावर तेव्हा दोन पट्ट्या होत्या. दोन पट्ट्यांचा नाईक, तीन पट्ट्यांचा हवालदार. माझ्यामागून भरती झालेले, मी ज्यांना बुटाची नाडी बांधायला शिकवली ते गडी तीन पट्ट्या मिरवत मलाच हुकूम सोडत होते. यादी लागायची, त्यात माझं नाव नसायचं. का? तर हवालदार व्हायला फौजेच्या शाळेची परीक्षा पास लागते. हिंदी, इंग्रजी, गणित आणि नकाशावाचन. आणि माझं शिक्षण सातवी, तेही मास्तर दयाळू होते म्हणून.

हे नुसतं मानापानाचं असतं तर मी गिळलं असतं. पण नाईकाच्या नोकरीला मुदत असते. त्या वर्षअखेर पट्टी मिळाली नाही तर मला पेन्शनीचे कागद हातात देऊन घरी पाठवणार होते, ऐन उमेदीत. आणि घर म्हणजे दहिसरच्या चाळीतली एक खोली. त्या खोलीत आमचे बाबा आधीच होते. गिरणी संपात गेली आणि परत उघडली नाही, तेव्हापासून ते दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि दिवसभर घरातल्यांना कामं सांगायचे. डाळ जाड शिजली, दिवा का चालू, भांडी का वाजली. बायकोने मला स्पष्ट सांगून टाकलं होतं, “अहो, एक माणूस दिवसभर घरात आहे, तो मी सांभाळीन. मामंजी आहेत, देवमाणूस आहेत. पण दुसरा आला ना, तर मी माहेरी कणकवलीला जाईन. दोघं मिळून भांडी वाजवा.”

आता मी इतकी वर्षं परीक्षेला बसलो का नाही? कबड्डीमुळे.

मी आमच्या युनिटचा डावा कोपरा होतो. स्वतःबद्दल बोलू नये, पण बाकीचे खरं बोलायचे थांबलेत म्हणून मलाच बोलावं लागतं. माझ्या हातात घोटा सापडलेला चढाईपटू सुटून गेला असं आजवर घडलेलं नाही. एकदा एका पंजाबी पठ्ठ्याचा पाय मी असा धरला की तो मागे गेला, पण बूट माझ्याकडे राहिला. आणि आम्ही खेळत होतो अनवाणी! तर असा मी. दरवर्षी परीक्षा आणि कबड्डीच्या मॅचेस एकाच सुमाराला यायच्या. वर्गात पाटी-पेन्सिल घेऊन बसलो की दारात सुभेदार मेजर साहेब हजर. “चल ऊठ. परीक्षा काय, दरवर्षी येते. फायनल परत येणार नाही.” फायनलही दरवर्षीच यायची, पण हे त्यांना सांगणार कोण? पाठीवर थाप मारायचे, “तू नसलास तर डावा कोपरा उघडा पडेल रे. युनिटची अब्रू तुझ्या हातात.” माझी छाती फुगायची आणि मी चड्डी बदलायला पळायचो. कप यायचा, साहेबांच्या काचेच्या कपाटात जायचा. मग यादी लागली की हेच सुभेदार मेजर साहेब मान हलवायचे. “काय करणार? नियम आहे. सर्टिफिकेट कुठंय तुझं?”

तर पुन्हा दरबारात. सुभेदार मेजर साहेब लालेलाल झालेले, मी उभाच. मोठ्या साहेबांनी बोट वर केलं आणि शेडमध्ये एकदम शांतता झाली. साहेब बोलले हिंदीत, मी आपल्या भाषेत सांगतो.

“बोलू दे त्याला. नाईक, परीक्षा पास आहेस?”

“नाही, साहेब.”

“मग पट्टी कशाची मागतोस?”

“साहेब, पट्टी मागत नाही. परीक्षा मागतो. तुमच्या ऑफिसात खुर्चीमागे काचेचं कपाट आहे. त्यात जेवढे कबड्डीचे कप आहेत, तेवढ्या माझ्या परीक्षा त्यात बंद आहेत.”

हे वाक्य माझं नव्हे. मी एवढा शहाणा असतो तर कधीच हवालदार झालो असतो. तालीम काय फक्त सुभेदार मेजरांनाच घेता येते? आदल्या संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बायकोने ते माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. मी “कपाट” म्हणताना हात हलवत होतो तर म्हणाली, “हात खाली. कबड्डी नाही ही.”

मोठे साहेब सुभेदार मेजर साहेबांकडे वळले. “हे खरं आहे?”

“सर, युनिटच्या इज्जतीसाठी...”

“खरं आहे का?”

“जी, सर.”

“नियम मी मोडणार नाही,” साहेब म्हणाले. “पण एक जागा मी धरून ठेवतो. पुढच्या परीक्षेत पास झाला, पट्टी त्याची. नापास झाला, पेन्शनीवर जाईल आणि पुन्हा तक्रार करणार नाही. सुभेदार मेजर, परीक्षेच्या दिवशी हा कुठे असेल?”

“परीक्षेला, सर.”

“आणि फायनल असली तर?”

सुभेदार मेजर साहेबांनी टाचा जुळवल्या. “परीक्षेला, सर.”

मला वाटलं आता सतरंजीवरून उठून सगळे मला खांद्यावर घेतील. कोणी घेतलं नाही. चहाला जाताना एक जण मात्र म्हणाला, “तू पेटवलंस भावा, पण आमच्या मच्छरदाण्यांची वाट लावलीस.”

मग सुरू झाला अभ्यास. बायको जुनी अकरावी पास, तीही भूगोलात पहिली. मुलुंडच्या मामाकडे राहून शिकलेली, त्यामुळे शिस्त कडक. रोज संध्याकाळी डेपोतून आलो की गॅलरीत पाट मांडलेला. समोर ती, मागे दारात बाबा. मी चुकलो की बाबा म्हणायचे, “हा गिरणीत असता तर मुकादमाने पहिल्याच दिवशी हाकलला असता.” हिंदी जमलं, गणित रेटलं, इंग्रजीत मी रजेचा अर्ज असा पाठ केला की झोपेतही आजी आजारी असल्याची तार आल्याचं बडबडायचो. अडलं ते नकाशात. डोंगर कागदावर सपाट काढतात आणि त्याच्याभोवती एकात एक वाकड्या रेघा. समोच्च रेषा म्हणे. माझ्या डोक्यात काही शिरेना.

“डोंगराला रेघा कुठे असतात गं? मी बोरिवलीचे सगळे डोंगर चढलोय. एक रेघ दिसली नाही.”

तिने बाजारातून एक सुरण आणला. काय सुरण होता! एखाद्या हवालदाराच्या डोक्याएवढा. पाटावर पालथा ठेवला आणि आडव्या चकत्या कापल्या. एकेक चकती वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलने भोवती रेघ मारली. खालची मोठी, वरची लहान, एकात एक. मग चकत्या पुन्हा एकावर एक रचल्या.

“हा डोंगर. ह्या त्याच्या रेषा. एका बाजूला रेषा जवळजवळ आहेत बघा. का?”

मी सुरणाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. “कारण तिथे सुरण उभा आहे!”

“तिथून चढाल का?”

“नाही गं बाई! पलीकडून चढीन, रेषा लांब लांब आहेत तिथून.”

बाबांनी खुर्चीतून टाळी वाजवली. रात्री आम्ही तो डोंगर चिंच घालून खाल्ला. घसा खाजला, पण नकाशा डोक्यात बसला तो आजतागायत.

आणि परीक्षेचा दिवस ठरला. कबड्डीची फायनलही ठरली. तुम्ही ओळखलंच असेल. तोच दिवस, तीच वेळ, आणि मैदान कुठे, तर वर्गाच्या खिडकीबाहेर.

मी गणिताच्या पेपरात अर्ध्यावर आलो असेन. दारात सावली पडली. सुभेदार मेजर साहेब. आत यायचं नाही असा मोठ्या साहेबांचा हुकूम होता, म्हणून बिचारे उंबऱ्याबाहेर उभे. हातात माझी कबड्डीची चड्डी, इस्त्री केलेली. तोंडाने एक शब्द नाही. नुसती चड्डी वर धरून मला दाखवत होते, आणि डोळ्यांत पाणी. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, “हे काय आहे?” सुभेदार मेजर साहेब म्हणाले, “काही नाही, सर. वाळत घालतोय.”

खोटं कशाला सांगू, मी अर्धा उठलो. बाहेर शिट्टी वाजली, गर्दी आरडली, बाकाखाली माझे पाय आपोआप पवित्रा घ्यायला लागले. पोरं हरत असतील. डावा कोपरा उघडा पडला असेल. युनिटची अब्रू चालली असेल. पण मग डोळ्यांसमोर आमची खोली आली. एका खुर्चीत बाबा, दुसऱ्या खुर्चीत मी, दोघं मिळून म्हणतोय डाळ जाड शिजली. आणि बायको कणकवलीच्या एस.टी.त. मी खाली बसलो आणि अपूर्णांकांचा घोटा असा धरला की ते सुटले नाहीत. नकाशाचा पेपर आला तर त्यात काय, माझा सुरण! तसाच्या तसा!

बाहेर आलो तर मैदानात नाच चालला होता. भटारखान्यातला आमचा आचारी पोरांच्या खांद्यावर होता आणि त्याच्या हातात कप. ऐनवेळी डाव्या कोपऱ्यात त्याला उभा केला होता म्हणे. मला आनंद झाला. झालाच. युनिटचा कप आहे, आनंद होणार नाही? घरी गेल्यावर मी एवढंच सांगितलं की पेपर बरे गेले.

निकाल लागला. पास! नकाशात तर एवढे गुण की पेपर तपासणारा नोकरी सोडून हिमालयात गेला म्हणतात. त्याच शेडमध्ये, त्याच सतरंजीसमोर मोठ्या साहेबांनी माझ्या एका दंडावर तीन पट्ट्या लावल्या आणि दुसऱ्या दंडावर, रिवाजाप्रमाणे, सुभेदार मेजर साहेबांनी. लावताना पुटपुटले, “फार ताठ उभा राहिलास रे त्या दिवशी.” मी म्हणालो, “साहेब, तुमचीच तालीम.” ते हसले, आणि मी त्यांना तिथल्या तिथे जेवायचं आमंत्रण दिलं.

त्या रविवारी आमच्या चाळीत गणपतीला होत नाही एवढी गर्दी झाली. हवालदार बघायला मजल्यावरचे सगळे आले. बाबा नवं धोतर नेसून खुर्चीत, येईल त्याला सांगत होते, “पोरगा माझ्या देखरेखीखाली शिकला.” आत कोंबडीचा रस्सा रटरटत होता, बायको चुलीपाशी बसून वडे तळत होती. मी पाटावर सुभेदार मेजर साहेबांच्या शेजारी बसून परीक्षेची सगळी कथा सांगत होतो. बाहेर युनिटची अब्रू जात होती, आत मी काळजावर दगड ठेवून गणितं सोडवत होतो, मोठा त्याग होता हो.

“कसली अब्रू जाते!” साहेबांनी वड्याचा तुकडा रश्श्यात बुडवला. “अगं सूनबाई, हा वर्गात बसला तरी कप आपलाच! आचाऱ्याला उभा केला ह्याच्या जागी, काय पकडी केल्या पठ्ठ्याने! इतक्या फरकाने तर आपण कधीच जिंकलो नव्हतो. ह्याने घरी सांगितलं नाही?”

माझा घास हातातच राहिला. बायकोने कढईतला वडा झाऱ्यावर घेतला, तेल निथळू दिलं आणि माझ्या ताटात टाकला.

“म्हणजे आधीपण तुमच्यावाचून जिंकलेच असते,” ती म्हणाली.