व्याह्यांच्या दुधात पाणी

आमच्या जावयाची कंपनी मीच बुडवायला निघालो होतो, ही घरातली सर्वमान्य समजूत साफ खोटी आहे. या वयात मन खातं, म्हणून खरं काय ते एकदा लिहून टाकतो. (माझं एकट्याचंच खातं. बाकीचे सगळे निवांत झोपतात!)

कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी गूळ व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करायचो. कर्ज नाही, भागीदार नाही. खिशातलं घालून कंपनी उभी केली. जावई संग्रामराव त्याच पठडीतले. त्यांचं सॉफ्टवेअर दूध संस्थांसाठी : इकडे दूध मोजलं की तिकडे सभासदाच्या मोबाईलवर मेसेज. मी माझी पुंजी त्यांच्या कंपनीत घातली आणि स्वतःलाही घातलं. पुंजी त्यांनी आनंदानं घेतली.

अडचण एकच. सासऱ्यानं जावयाची चूक काढायची नसते आणि जावयानं सासऱ्याला दोनदा विचारायचं नसतं. त्यामुळे एकाच टेबलावर बसून आमचं बोलणं चालायचं लेकीमार्फत, फोनवरून!

"पप्पा, हे म्हणतायत, बटण हिरवं का केलंत?"

"त्यांना सांग, छान दिसतंय."

"हे म्हणतायत, छानच दिसतंय. पण निळं करा."

कागलजवळ व्याह्यांचं गाव. तिथली दूध संस्था आमचं पहिलं गिऱ्हाईक होणार होती. ती हातची गेली तर कंपनीला कुलूप! म्हणून मी कसून चाचणी घेतली. चाचणीला सभासद लागतात. मी घरचेच घातले. बायकोला दूध नासल्याचा मेसेज लावला. आणि व्याही दत्ताजीराव, जे म्हशीला पोटच्या पोरीसारखं सांभाळतात, त्यांना लावला : "आपल्या दुधात पाणी आढळले. सभासदत्व रद्द." (कुणाला तरी लावायचाच होता की!)

संस्थेत सगळ्यांसमोर सॉफ्टवेअर दाखवायचं, त्या सकाळी जावई हळूच म्हणाले, "मामा, ती घरची नावं काढायची हायत."

थेट मला! लेकीला वगळून! मी तोऱ्यात म्हणालो, "बघू." मला वाटलं, आठवण त्यांना झाली म्हणजे तेच काढणार. त्यांना वाटलं, मामांनी मनावर घेतलं. पुन्हा विचारायची सोय नाही आणि लेक शाळेच्या मीटिंगला फोन बंद करून बसलेली. आता सांगा, यात माझी एकट्याची चूक कशी?

चेअरमननी मेसेज धाडायचं बटण दाबलं. पहिला फोन बायकोचा. "मी नासवलं व्हय दूध? सकाळी त्याचाच दोनदा चहा ढोसून गेलाय न्हवं?"

तो ठेवतोय तोवर बाहेर आरडाओरडा. दत्ताजीराव धार काढायची टाकून आलेले. हातात दावं, दाव्याला म्हैस!

"कुठाय त्यो, माझ्या दुधात पाणी म्हणणारा?"

"व्याही, बसा की..."

"बसायला आलोय व्हय मी? हितंच पिळतो धार! घाला तुमच्या मशीनमध्ये! पाणी निघालं तर मिशी उतरवतो!"

संस्थेच्या पायरीवर धार पिळली. अख्खं गाव गोळा! दूध मशीनमध्ये गेलं. फॅट असं निघालं की चेअरमननी म्हशीला हात जोडले. तेवढ्यात व्याह्यांचा मोबाईल पुन्हा वाजला.

"आपल्या दुधात पाणी आढळले."

(मी तो मेसेज दुधाला जोडलाच नव्हता. नावाला जोडला होता!)

माणसं हसून हसून पेंडीच्या पोत्यांवर आडवी झाली. दत्ताजीरावांनी दावं माझ्या दिशेनं फिरवलं. मी घाईनं दुरुस्त करायला गेलो, तर व्याह्यांना तोच मेसेज जातच राहिला. आणि लग्नापासून माझ्यासमोर आवाज न चढवलेले जावई कडाडले, "मामा! हात काढा त्येच्यावरनं!"

चेअरमननी डोळे पुसले. "मेसेज पोचतोय, ह्ये पटलं. मेसेजनं मानूस म्हशीसकट हजर हुतोय, ह्ये बी बघितलं. आता पाणी घालणारं थरथर कापत्यात बगा. सॉफ्टवेअर घेतो. पण येक अट हाय. ह्ये पैसं घातल्यालं पावणं परत मशीनजवळ यायचं न्हाय."

जावयांनी माझ्याकडे न बघता सही ठोकली. व्याह्यांची माफी मी आज मागतो आहे, तीही इथे, कारण ते मला दारात उभं करत नाहीत.

कंपनी मात्र झकास चालली आहे. प्रत्येक नव्या संस्थेला जावई आधीच लिहून देतात, की मामा येणार नाहीत. आता मला सांगा, ज्याच्या नुसत्या गैरहजेरीवर धंदा वाढतो, असा गुंतवणूकदार अख्ख्या कोल्हापुरात दुसरा दाखवा!