चार प्लायचा टायर

नरसिंहपूरला नदीकाठी आमची गाडी उभी होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, गाडीच्या सावलीत मागच्या चाकाला पाठ टेकून बसली होती. तिला तहान लागली. तांब्या घेऊन ती उठली, आणि घाटाच्या पहिल्या पायरीशी पोचायच्या आत ते चाक फुटलं.

विहिरीच्या सुरुंगाचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण सुरुंग उडवायच्या आधी माणसं ओरडून सगळ्यांना लांब पळवतात. इथं कुणीच ओरडलं नव्हतं. धुरळा उडाला, पिंपळावरचे कावळे एकदम उठले, आणि गाडी त्या कोपऱ्यात खाली बसली. आत्यानं अंगाखाली अंथरलेलं गोणपाटाचं किंतान लांब जाऊन बाभळीच्या काट्यांत अडकलं होतं. तिच्या पाठीमागं असलेल्या टायरच्या कडेला हात आत जाईल एवढं भगदाड पडलं होतं.

आत्या तिथंच उभी. तांब्या हातातच होता. आई तिला गदागदा हलवत होती, "लागलं का वन्सं? कुठं लागलं?" आत्या आमच्या तोंडांकडं बघत होती.

"मोठ्यानं बोला की," ती म्हणाली. "काय बी ऐकू येईना."

आम्ही सगळे ओरडतच होतो.

थोरल्या भावाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि कुलदैवताला पुरणाचा नैवेद्य करायचा म्हणून आम्ही निरवांगीहून सकाळीच निघालो होतो. गाडी जुनी, पांढरी, डिझेलवर चालणारी. वडिलांनी बारामतीच्या एका माणसाकडून घेतलेली. तिच्यात त्या दिवशी नवरा-नवरी, आई, आत्या, मी, दोन मावश्या आणि चुलते अशी माणसं कोंबून बसली होती. डिकीत तांब्याची पातेली, कणीक, डाळ, गुळाची ढेप आणि सरपणाचा भारा. वाटेत गाडी डुलत होती. पोचल्यावर मागून जळक्या रबराचा वास आला, तेव्हा चुलते म्हणाले, "ब्रेक तापलं असतील." वडिलांनीही मान डोलावली. सगळे चुलीच्या मागं लागले.

आता त्या फुटक्या चाकापुढं वडील उकिडवे बसले होते. आत्या जिथं पाठ टेकून बसली होती, तिथं टायरच्या कडेवर त्यांनी हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

चुलत्यांनी स्टेपनी काढली. ती गाडीबरोबरच आलेली होती. बाकीचे चारही टायर वडिलांनी उन्हाळ्याच्या तोंडाला बारामतीत नवे घेतले होते. मी कॉलेजात होते, म्हणून चुलते म्हणाले, "वाच गं, दोन्हींत काय फरक हाय का." दोन्ही टायर शेजारी शेजारी आडवे पडले होते. माप तेच होतं. आकडा न् आकडा सारखा. पण मापाच्या पुढं स्टेपनीवर सहा आणि पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग, अशी अक्षरं होती, आणि फुटलेल्या टायरवर चार.

"आबा, हा चार प्लायचा आहे," मी म्हणाले. "स्टेपनी सहाची आहे. प्लाय म्हणजे आतले थर; जेवढे कमी, तेवढं वजन कमी पेलतं."

वडील माझ्याकडं वळले. मग हळूच म्हणाले, "त्यानं इचारलं व्हतं मला."

"कुणी?"

"दुकानदारानं. तात्या, गाडीत किती माणसं बसत्यात, माल भरता का, म्हणून. मी म्हणलं, न्हाय बा, आमी घरची चौघंच. हे हलकं टायर मऊ चालत्यात म्हणला. मला तेवढंच बरं वाटलं." ते आत्याकडं वळले. "आक्का, मी सांगितलं असतं तर..."

आत्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ती पदरानं कान पुसत होती.

नैवेद्य झाला. जेवताना नवी वहिनी सारखी आत्याच्या पाठीला हात लावून बघत होती. परत येताना बाकीचे एसटीनं आले. वडील, आत्या आणि मी गाडीत होतो. वडिलांनी बैलगाडीच्या चालीनं गाडी घरी आणली.

आत्याचा डावा कान दोन-तीन दिवसांत मोकळा झाला, उजवा मात्र कायमचा जड राहिला. बारामतीच्या डॉक्टरला दाखवायला निघालो, तेव्हा ती म्हणाली, "आदी टायरच्या दुकानात चला. मला त्यो टायर बगायचा हाय."

दुकानदारानं फाटका टायर पाहिला आणि तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. "कुणाला काय झालं?" आत्या म्हणाली, "माज्या पाठीमागं फुटला." त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. त्यानं स्वतः तिला स्टूल दिलं.

आत्याचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. घोडीवर बिऱ्हाड लादून ती सुप्याच्या माळावरून घाट उतरून कोकणात जायची. तिनं सरळ विचारलं, "ह्यो एक टायर किती वझं पेलतो?"

दुकानदारानं सहा प्लायचा टायर पुढं ओढला. हवा नीट असेल तर एक टायर किती किलो पेलतो ते सांगितलं. चारांची बेरीज केली.

"मंग लई झालं की," वडील म्हणाले.

"थांबा तात्या. त्यातून गाडीचं सोताचं वजन वजा करा. ती बी त्याच टायरांवर उभी हाय."

त्यानं वजाबाकी करून उरलेला आकडा सांगितला. वडिलांनी तो पुन्हा विचारला. मला वाटलं, यानं काहीतरी चुकवलं. मी मनात नवरा-नवरी, मावश्या, पातेली, गुळाची ढेप, सरपण मोजत गेले. सहा प्लायचे टायर असते तरीही त्या दिवशी आम्ही त्या आकड्यात बसत नव्हतो. कितीतरी वर गेलो होतो. आणि नुसती नरसिंहपूरची गोष्ट नव्हती. दर बाजारी आम्ही तसेच जात होतो.

वडील दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. आत्या म्हणाली, "घोडी बसती, तवा कळतं वझं जास्ती झालं. ह्याला कसं कळावं?"

सहा प्लायचे चार टायर घालून, आत्याचा कान डॉक्टरला दाखवून आम्ही घरी निघालो. लासुर्ण्याच्या पुढं ओळखीचं एक कुटुंब हात करून उभं होतं, बायका-पोरं, आणि बाप्यांच्या डोक्यावर ज्वारीची पोती. वडिलांनी गाडी थांबवली. बायकांना आणि लेकरांना मागं घेतलं आणि बाप्यांना म्हणाले, "पोती घेऊन तुमी एसटीनं या."

"जागा हाय की डिकीत!" त्यांच्यातला एक जण म्हणाला.

"जागा हाय. पर पोती न्हाय घेत."

तो माणूस रस्त्याकडं थुंकला. पुढच्या बाजारापर्यंत गावभर झालं, की गाडी आल्यापासून ह्याला माणसं जड झाली. वडिलांनी कुणालाही खुलासा दिला नाही. आईनं विचारलं, "सांगत का न्हाई सगळ्यास्नी?" तर म्हणाले, "काय सांगू? माज्या आक्काच्या पाठीमागं काय झालं, ते तोंडानं काडवत न्हाय मला."