मठातलं जेवण आणि तीन जोड बूट

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्याने एका जुन्या ख्रिस्ती मठात थाटलेल्या महागड्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. दुसरी सासूबाईंसाठी. त्या पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत वाल्डॉर्फला आल्या होत्या आणि त्यांना घरी एकटं ठेवू या असं म्हणायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

जेवणाची सोय मठाच्या प्रार्थनागृहात होती. सासूबाईंनी दारातच बूट काढले.

"अहो आई, आता हे हॉटेल आहे," मी म्हणाले.

"देव काय भाडेकरू आहे, करार संपला की निघून जायला?"

नवऱ्याने बूट काढले. मीही माझ्या नव्या उंच टाचांच्या बुटांवर पाणी सोडलं. आम्ही तिघं मोज्यांवर चालत टेबलापर्यंत गेलो, तेव्हा आजूबाजूची मंडळी फार लक्ष देऊन आपापल्या सूपकडे बघत होती.

जेवून बाहेर आलो तर तिन्ही जोड गायब. माझा जीव टांगणीला लागला. सासूबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"बघ, देऊळच आहे."

वर गेलो तर बूट खोल्यांच्या दाराशी होते, लखलखीत पॉलिश करून. दाराबाहेर बूट दिसले की ते पॉलिशला घ्यायचे, अशी या हॉटेलची जुनी पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई जेवायला पिशवी घेऊन निघाल्या. प्रार्थनागृहाच्या दारात त्यांनी पायातले बूट काढले आणि त्यांच्या शेजारी, पिशवीतून काढून, माझ्या नवऱ्याचे, सकाळी जंगलात फिरून चिखलाने बरबटलेले बूट भक्तिभावाने मांडले.