बद्द वाजणारी बॅट

मुलीला सॉफ्टबॉलची बॅट घ्यायला आम्ही वाशीच्या दुकानात गेलो. तिने हलकी, फायबरची बॅट उचलली. माठ पारखतात तशी मी बॅटवर टिचकी मारली. आवाज बद्द आला.

"ही तडकलेली आहे," मी म्हणाले.

दुकानदार हसला. "वहिनी, फायबर असंच वाजतं."

"आई, हीच घे ना," मुलगी हळूच म्हणाली. मी ऐकलं नाही. खणखणीत वाजणारी, जड ॲल्युमिनियमची घेतली.

सामन्यात चेंडू सावकाश येत होता, तरी तिची बॅट उशिरा फिरायची. ती दोनदा बाद झाली.

"एवढी जड कशाला घेतलीस गं?" मैत्रिणीने तिला विचारलं.

"मलाच आवडली."

मी शेजारीच उभी होते. मी तिच्या हातातून ती जड बॅट घेतली आणि पिशवीत घालू लागले.