टाळ्या नकोत, दार हळू लावा

बाईंबद्दल मला फारसं माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वर्षानुवर्षं आम्ही एका खोलीत बसलो; पण त्या चहा बिनसाखरेचा घेत, हे मला त्यांच्या वहिनींकडून कळलं, आणि तेही बाई गेल्यावर. लग्न का केलं नाही, भावाच्या घरी मन रमत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. मला विचारायला जमत नाही. मला माहीत आहे ती त्यांची कटकट. ती मात्र तोंडपाठ आहे.

मी शाळेचा ग्रंथपाल. बाई विशेष शिक्षिका, म्हणजे ज्या मुलांना वर्गात इतरांसारखं शिकणं जमत नाही त्यांच्यासाठी नेमलेल्या. नेमलं खरं, पण खोली दिली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "तात्पुरतं वाचनालयात बसा." ते तात्पुरतं कधी संपलंच नाही. नकाशांचं कपाट भिंतीपासून ओढून बाईंनी त्याच्यामागे एक सतरंजी टाकली, आणि माझ्या खोलीचा एक कोपरा माझा राहिला नाही.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, तुमची खुर्ची करकरते."

"जुनी आहे."

"मग तुम्ही कमी हला."

मी त्यांच्यापेक्षा फार मोठा नव्हतो. पण एकदा काका म्हटलं ते म्हटलं.

शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव 'तक्रारपेटी' होतं. पंखा घरघरतो, खडू किरकिरतो, पीटीचे सर शिट्टी जिन्यातच का वाजवतात. त्यात मुख्याध्यापक कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी रोज शांततेचा तास सुरू केला. वर्गावर्गात कर्णे बसवले. त्यातून पीटीचे सर ओरडायचे, "डोळे मिटाऽऽ! मन शांत कराऽऽ! मागचा बाक, हसू नका!" बाई कपाळाला हात लावून माझ्यासमोर बसायच्या. "काका, ह्यांना शांतता द्यायचीय, तर आधी तो कर्णा बंद करायला काय होतं हो?" जणू कर्णा मीच बसवला होता.

ही सगळी कटकट मुख्यतः एका मुलीसाठी होती. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण खूश झाली की ती जागच्या जागी गोल फिरायची. तिला अचानक झालेला आवाज सहन होत नसे. तुम्हाआम्हाला दचकायला होतं तसं नाही. कुणी कानात सुई खुपसावी तसं व्हायचं. मग ती पळायची. दोनदा ती फाटकातून थेट रस्त्यावर गेली होती. दुसऱ्या वेळी एका टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून वाचली. संस्थेच्या अध्यक्षांनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "आणखी एकदा पळाली, की मुलीला घरीच ठेवा. आमच्या डोक्याला ताप नको."

वडील बसचे ड्रायव्हर. ते नुसते मान हलवून गेले. आई मात्र वाचनालयात येऊन बाईंसमोर बसली. "ताई, दोन शाळांनी आधीच नाही म्हटलंय. इथून काढलं तर हिला दार कुठलं उरणार?"

बाई म्हणाल्या, "रडू नका. नाक ओढल्याचा आवाजही तिला त्रास देतो." असं बोलायच्या. पण त्या दिवसापासून त्यांनी एकच गोष्ट धरली. भिंगरीला पळू नको असं सांगण्यात अर्थ नाही, कुठे पळायचं ते शिकवायचं. आवाज झाला की फाटकाकडे नाही, नकाशांच्या कपाटामागे. वर्गातून, मैदानातून, सभागृहातून, कुठूनही. रोज तिला वेगळ्या जागेहून हाताला धरून घेऊन यायच्या. "आवाज झाला. आता कुठे?" भिंगरी बोलायची नाही, पण यायची. माझं दार उघडायचं, करकरायचं, आणि तीच पुन्हा दचकायची.

"काका, त्या बिजागरीला तेल घाला."

"घालतो."

"काल पण हेच म्हणालात."

अशात बक्षीस समारंभ आला, आणि मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं की भिंगरीला मंचावर बोलवायचं, 'आपली शाळा सर्वांना सामावून घेते' असं म्हणायचं आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवायच्या. बाईंचा पारा चढला. "ती काय प्रदर्शनातली गाय आहे का?"

"अहो, कौतुक करतोय आपण तिचं!"

"कौतुक करायचंय तर दार लावताना हळू लावा. तेवढं कौतुक पुरे तिला."

शेवटी तडजोड झाली. भिंगरीला बोलवायचं, पण दाखवायला नाही, कामाला. टेबलावरचे बक्षिसांचे कप एकेक करून अध्यक्षांच्या हाती द्यायचं काम तिचं. आणि टाळ्या नाहीत. अख्ख्या सभागृहाने हात वर करायचा, बस.

त्यानंतर माझी जी फजिती झाली ती मी घरी सांगितली नाही. कप कुलपात होते, म्हणून तालमीला माझ्या शाईच्या बाटल्या घेतल्या आणि अध्यक्ष मला केलं. मी उभा राहायचो, भिंगरी बाटली आणून द्यायची, मी मान लववायची. "काका, अध्यक्ष असे ओशाळल्यासारखे उभे राहतात का? छाती काढा!" इकडे मुलं पुस्तकं बदलायला यायची आणि हसायची. बाई वर्गावर्गात जाऊन सांगून आल्या, शिपायांना सांगून आल्या, पालकांना फाटकातच सांगितलं, टाळी वाजवायची नाही. अध्यक्षांना तर तीनदा सांगितलं. ते वैतागून म्हणाले, "बाई, मी काय शाळकरी पोर आहे?"

"पोरांना एकदाच सांगावं लागलं," बाई म्हणाल्या.

समारंभाच्या दिवशी मी सभागृहाच्या मागच्या दारात उभा होतो. तिथून बाहेर पडलं की उजवीकडे फाटक, डावीकडे वाचनालय. भिंगरीने कप द्यायला सुरुवात केली. एवढं सभागृह, पण टाचणी पडली तरी ऐकू येईल. कप दिला की मुलांचे हात वर. अध्यक्षांनी आपले हात असे सांभाळून धरले होते, जणू कुणी त्यांना अंडी धरायला दिली आहेत. सगळे कप झाले. शेवटचा मोठा, झाकणाचा. तो देऊन झाला आणि अध्यक्ष तो पुढे विजेत्या मुलाला देणार, इतक्यात भिंगरी म्हणाली, "थांबा. झाकण."

परक्या माणसाशी ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. ती टेबलाकडे परत गेली, राहिलेलं झाकण उचललं, आणि ते घेऊन येऊ लागली.

आणि कुणीतरी टाळी वाजवली. कडकडून. मी रागाने पाहिलं. बाई होत्या. पहिल्या रांगेत, उभ्या, डोळ्यांत पाणी, आणि दोन्ही हात चालूच.

मग काय, इतका वेळ कोंडून धरलेलं सभागृह फुटलं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कडकडाट झाला. भिंगरी झाकण छातीशी धरून धावत सुटली. पीटीचे सर शिट्टी फुंकत पुढच्या दाराने फाटकाकडे धावले. बाई हात तसेच हवेत धरून उभ्या राहिल्या होत्या. भिंगरी माझ्या अंगावरून गेली, दाराबाहेर पडली, आणि डावीकडे वळली.

मी पोहोचलो तेव्हा ती कपाटामागे बसली होती. झाकण मांडीवर, हात कानांवर. मागून बाई आल्या, आणि त्यांच्यामागून अध्यक्ष, दार धाडकन लोटत. दार करकरलं. भिंगरी आणखी आक्रसली.

"पळालीच ना शेवटी?" अध्यक्ष म्हणाले.

"हळू बोला. पळून कुठे गेली? फाटकाकडे गेली का?" बाई स्वतःही कुजबुजल्यासारखं बोलत होत्या. "शिकवलं तिथेच आलीय ती. मागच्या बैठकीत तुम्हाला माझं बोलणं सहन झालं नाही, तुम्ही उठून गेलात. तुम्हाला घरी बसवलं का कुणी? आणि टाळी मी वाजवली. काढायचं तर मला काढा."

अध्यक्ष काही बोलायच्या आत कपाटामागून एक हात बाहेर आला. हातात झाकण. अध्यक्षांना वाकावं लागलं. ते त्यांनी घेतलं, थोडा वेळ उलटसुलट करून पाहिलं, आणि म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी."

त्यांचं 'बघू' पुढेही दरवर्षी तसंच राहिलं. भिंगरी शाळेतून पास होऊनच बाहेर पडली. आता ती एका औषधांच्या दुकानात मागच्या खोलीत बाटल्या लावते. एकही झाकण सैल राहू देत नाही, असं तिची आई सांगते.

बाईंनी स्वतःला ती टाळी माफ केली नाही. आणि तो सगळा राग माझ्या दारावर काढला. माणसाने स्वतःवर तरी किती चिडायचं, म्हणून असेल. निवृत्तीनंतरही शाळेने मला ठेवून घेतलं होतं, कारण पुस्तकं कुठे आहेत ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे हे वर्षानुवर्षं ऐकलं. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीही ऐकलं. त्याच सुट्टीत त्या गेल्या.

त्या दिवशी पिशवी खांद्याला अडकवून दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"काका, दार वाजतंय."

"तेल घातलं की हो, परवाच."

"वरच्या बिजागरीला घातलंत. वाजते ती खालची."

"मला आता वाकवत नाही."

"मग कुणाला तरी सांगा. का तेही मीच सांगू?"

"सांगतो."

"आजच सांगा."

"बरं."